गडग्यापलीकडची बाग

बाबल, शेवटी याही बाबतीत तू माझ्या आधी नंबर लावलास. जन्माला माझ्याआधी काही महिने आलास, बोहल्यावर आधी चढलास, चष्मासुद्धा तुला आधी लागला आणि वर तो तुला शोभलाही. आता हे. आणि जाण्याची तऱ्हा तरी कशी! दुपारी पेज जेवलास, घरापुढच्या खळ्यात आरामखुर्चीत पडलास आणि उठलाच नाहीस. जो येतो तो म्हणतो, मास्तरांना मरण कसं सुखाचं आलं. मला पक्कं ठाऊक आहे, माझ्या वाट्याला असलं मरण नाही. मी खाटेवर पडून बायकोच्या, मंदाच्या, शिव्या खात खात जाणार. सख्ख्या चुलत भावाच्या मरणाचा हेवा करणारा माणूस पंचक्रोशीत मी एकटाच असेन. हे बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुलाच सांगतो.

तुझ्या तेराव्याला माणसं किती आली म्हणून सांगू. पार बांद्यापासून तुझे जुने विद्यार्थी आले. कुणी ओरोसच्या कचेरीत साहेब झालेला, कुणी तारकर्लीला पर्यटकांच्या खोल्या चालवणारा. सगळ्यांनी गाड्या माझ्या बागेत लावल्या, कारण तुझ्या घराकडची वाट माझ्या बागेतूनच जाते. माझी बाग गाड्या लावायला बरी. खाली एक पान पडलेलं नसतं. जाताना प्रत्येकाने माझा हात हातात घेतला आणि एकच विचारलं, "आता मास्तरांच्या बागेचं कसं होणार?" ज्या बागेत उभे राहून विचारत होते, त्या बागेबद्दल एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मी आपला "बघू, बघू" करत राहिलो.

अरे, जन्मभर शेती मी केली! तू हायस्कुलात पोरांना बेडकाचं हृदय शिकवत होतास तेव्हा मी कातळाला पहार मारून काजूचे खड्डे काढत होतो. तू निवृत्त झालास, हातात कोयता धरलास, तोही उलटा, आणि दहा-बारा पावसाळ्यांत शेतकरी म्हणून नाव झालं ते तुझं. माझी ओळख काय, तर "मास्तरांचो भाव". माझ्याच गावात, माझ्याच बागेच्या फाटकात उभा असताना मला लोक तुझ्या घरची वाट विचारायचे. मी दाखवायचो. एकदा दोघा-तिघांना मुद्दाम व्हाळाच्या बाजूने लांबून पाठवलं, तर ते चिखलाने भरलेले पाय घेऊन परत आले आणि म्हणाले, काय सुंदर वाट आहे हो!

परवा वहिनीने मला बोलावून घेतलं. चहा दिला, समोर बसली. तुझ्या खुर्चीकडे आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

"भावजी, मी आता म्हापशाक जातंय. चेडू माका हय एकटीक ऱ्हवाक देणा नाय," ती म्हणाली. "बागेचा काय ता तुमीच बघा."

"मी?"

"मगे कोण? तुमका बरा वाटात तसा करा. मी काय एक विचारूचंय नाय."

मी सांगतो म्हणालो आणि उठलो. त्या रात्रीपासून तेच एक वाक्य डोक्यात फिरतंय. 'त्यांनी केल्यानी तसा करा' असं ती म्हणाली असती तर मी सरळ नाही म्हणून मोकळा झालो असतो. ती म्हणाली, तुमका बरा वाटात तसा. म्हणजे आता तुझी बाग माझ्या हातात, आणि जाब विचारणारं कुणी नाही. तुझ्यासारखीच ठेवून ती फळली तर गाव म्हणणार, बघा, मास्तरांची पुण्याई. बिघडली तर म्हणणार, ह्या भावाने वाट लावली. आणि माझ्या पद्धतीने केली तर तू इतकी वर्षं तिथे जे काही गोळा केलंस, ते एका हंगामात संपेल. हो म्हणू की नको, आणि हो म्हटलं तर कुणाच्या रीतीने करू, यातच अडकलो आहे. शिमग्याआधी वहिनीला लेकीकडे निघायचं आहे.

आज्याच्या वेळी हा सगळा एकच उतार होता. वर आंबा-काजू, खाली वाहता व्हाळ. आपल्या बापसांनी मधोमध चिऱ्यांचा गडगा घातला आणि एकाच्या दोन बागा झाल्या. अलीकडची माझी. दिवाळी झाली की गवत बेणून, पानं झाडून, जमीन अशी लख्ख करतो की पडलेली काजूबी लांबूनही दिसावी. पलीकडची तुझी. नवख्या माणसाला वाटावं, ह्या घरातली माणसं मुंबईला गेली ती परत आलीच नाहीत. काजूखाली हळद, हळदीशेजारी अननस, आंब्यावर मिरवेल चढवलेली, मध्येच कोकम, मध्येच जायफळ. करवंदीची जाळी तोडायची नाही, कारण काजूचा मोहोर संपल्यावर मधमाश्यांनी जायचं कुठे. वाळलेलं फणसाचं खोड पाडायचं नाही, कारण त्यात पिंगळा राहतो आणि तो उंदीर खातो. पावसाचं पाणी धावू लागलं की माझ्या बागेतून लाल होऊन खाली जायचं आणि तुझ्यातून जवळजवळ निवळ. हे मी बघत नव्हतो असं तुला वाटायचं का? मी रोज बघत होतो.

मी म्हणायचो, "बाबल, ह्या काय शेत न्हय. ह्या रान."

तू गडग्यावर बसून पाय हलवत म्हणायचास, "रानाक खत कोण घालता रे? औषधाचो पंप कोण मारता? तरी ता उभा आसा ना? मी फक्त त्येची नक्कल करतंय."

"जन्मभर पोरांका कॉपी केली म्हणून बाकावर उभी केलंस, आणि आता म्हातारपणी स्वतः कॉपी करतस?"

ह्यावर तू इतका हसला होतास की तुझा चष्मा माझ्या बाजूला पडला. तो मी उचलून दिला. हेही सांगून ठेवतो की तो मुद्दा मी जिंकलो होतो.

पण आपलं खरं भांडण पाण्याचं. वाटणीत व्हाळाकडची बाजू तुझ्या बापाला गेली, खडकाळ बाजू माझ्या. मी प्रत्येक वेळी हेच म्हणायचो: तुझी झाडं हिरवी दिसतात ती तुझ्या हुशारीने नव्हेत, खालच्या ओलाव्याने. जमीन मऊ आहे ती मुळात मऊ होती म्हणून. तू सगळं ऐकून घ्यायचास आणि शांतपणे म्हणायचास, "मगे बदलूया? तू हय ये, मी थंय जातंय." एकदा नाही, दर वर्षी म्हणायचास. आणि मी दर वर्षी विषय बदलायचो. कधी म्हणायचो कागदपत्रांचा त्रास कोण करणार, कधी म्हणायचो माझ्या बापाची झाडं मी कशी सोडू. खरं कारण तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू माझ्या खडकावर येऊन ती जमीनसुद्धा तशीच मऊ केली असतीस तर मग मी काय बोललो असतो? जळायला निदान एक कारण हवं ना माणसाला. तू ते कधी उघडं पाडलं नाहीस. तेवढ्यापुरता तुझा आभारी आहे, आणि त्याचाही रागच येतो.

पातेऱ्याचं मात्र मी सोडणार नाही. तू पानं झाडणं बंद केलंस तेव्हा मला वाटलं हा माणूस आळशी झाला. तुला खिजवायचं म्हणून मी माझ्या बागेतल्या झडलेल्या पानांचा सगळा पातेरा टोपल्या भरभरून गडग्यावरून तुझ्याकडे ओतू लागलो. म्हटलं, आवडतो ना कचरा, घे. तू आवाज केला नाहीस. उलट पुढच्या वर्षी गडग्याला टेकून एक जुनी शिडी ठेवलीस, मला टोपली उचलायला त्रास नको म्हणून! मी शिडी वापरली नाही, पण पातेरा ओततच राहिलो, कारण थांबलो असतो तर तुझं खरं झालं असतं. इतक्या वर्षांत माझ्या झाडांचं सगळं तुझ्या मातीत गेलं. तिथे हात खुपसला की कोपरापर्यंत काळी माती लागते, गांडुळं वळवळतात, आणि माझ्याकडे कुदळ मारली की ठिणगी उडते. लोक तुझ्या मातीचे फोटो काढून नेतात. त्या मातीतला अर्धा वाटा माझा आहे, बाबल. हे एकदा तरी चारचौघांत बोलून दाखवायला हवं होतंस.

तसं तू बोलायचास, पण वेगळंच. एकदा कुठल्याशा कॉलेजची मुलं तुझ्याकडे आली होती. मी गडग्याच्या आड बसून कलमांना माती लावत होतो. तू एका काजूला हात लावून म्हणालास, "ह्या कलम माझ्या भावान बांधलेला. त्येच्यासारखो हात जिल्ह्यात नाय." मुलांनी ते ऐकलं आणि पुढे गेली, मुंग्या बघायला. मी तिथेच बसून राहिलो. इतका आनंद झाला होता की दिवसभर कुणाशी बोललो नाही. संध्याकाळी तुझ्याशी उगाच भांडण काढलं, फांदी माझ्या हद्दीत येते म्हणून.

आता त्या मुंग्यांचंच सांगतो, कारण ह्या सगळ्यात माझा जळफळाट कुणावर झाला असेल तर त्यांच्यावर. आपण लहानपणी ज्यांना घाबरून आंब्यावर चढायचो नाही ते हुमले, पानं शिवून झाडावर घर करणाऱ्या लाल मुंग्या. प्रत्येक शहाणा बागायतदार त्यांची घरं जाळतो, कारण काजू काढताना त्या माणसाला फोडून काढतात. तू मात्र एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला त्यांच्यासाठी सुंभाच्या दोऱ्या बांधल्यास. म्हणालास, मोहोराचा रस शोषणारा ढेकण्या ह्यांना घाबरतो. हे राखणदार फुकट मिळतात, पगार नको, फक्त विष नको. मी गावभर सांगत सुटलो की मास्तरांनी मुंग्यांना पूल बांधून दिला. सगळे हसले. त्या वर्षी मळभ आलं, माझा मोहोर काळा पडला, तुझा राहिला. मग कुणी हसलं नाही.

मी तेव्हा तुझ्याकडे येऊन म्हटलं, माका पण हुमल्यांचा एक घर दी. मागताना जीभ किती जड झाली होती ते तुला दिसलं असणार. तू दुसऱ्या दिवशी पहाटे गोणपाटात बांधून आणलंस, स्वतः माझ्या काजूवर टांगलंस, दोन्ही हात सुजवून घेतलेस. आणि पंधरवडा झाला नसेल, आकाशात जरा ढग दिसले, माझ्याने राहवलं नाही, मी पंप मारला. ढेकण्या मेला आणि हुमलेही मेले. तू गडग्यावर येऊन खाली पडलेल्या मुंग्यांकडे बघत बसलास. मला वाटलं, आता हा शास्त्राचा तास घेणार.

"पावण्यांका जेवाक बोलवन विख घातलंस, मेल्या," एवढंच म्हणालास, आणि माझ्याकडची तंबाखू मागून घेतलीस.

आणि त्याच वर्षी राखण देताना माझा सूड घेतलास. गडग्याशी आपण दोघं मिळून जागेच्या राखणदाराला कोंबडा देतो, गाऱ्हाणं घालायचा मान तुझा, कारण पुन्हा तेच, वयाने तू मोठा. तू हात जोडून सुरू केलंस: "बा राखणदारा, म्हाराजा, ह्या झाडापेडाक राख, गुराढोराक राख." आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" "पोराबाळांक राख." "व्हय म्हाराजा!" मग माझ्याकडे तिरका डोळा करून, "आणि म्हाराजा, ह्या बागेतल्या हुमल्यांक राख, त्यांचो वंश वाढव, आणि जे कोण त्यांच्यार वायट नजर ठेवतत, त्यांका सद्बुद्धी दी." सगळा मेळा माझ्याकडे बघतोय. गाऱ्हाण्याला नाही कसं म्हणणार? माझ्या तोंडून मुंग्यांसाठी तू "व्हय म्हाराजा" वदवून घेतलंस. मंदा तर पदर तोंडात धरून हसत होती.

मंदाचं काय सांगू तुला. तिच्या स्वयंपाकघरात मिरी तुझी, हळद तुझी, कोकमाची सोलं तुझी. माझ्या बागेतून काय येतं, तर काजू आणि आंबा, तेही हंगामात. "बाबलभावजींच्या हळदीक वास बघा कसो," हे मी रोज जेवताना ऐकायचो. तू गेल्यावर तिने हळदीचा डबा उघडला आणि तशीच उभी राहिली. तिच्या दुःखाचाही मला हेवा वाटला. तिला सरळ रडता येत होतं.

ह्या आठवड्यात पुन्हा मळभ आहे. काजू मोहोरावर आहे आणि ढेकण्या माझ्या बाजूला दिसू लागला. आज सकाळी मी पंप भरला, पाठीला लावला आणि माझ्या सगळ्या झाडांवर मारून काढला. निम्मं औषध उरलं. उरलेलं घेऊन मी तुझ्या बागेत गेलो. वहिनी खळ्यात कपडे वाळत घालत होती. तिने बघितलं, पाठीवरचा पंपही बघितला, आणि काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

कडेच्या तीन-चार झाडांवर तुझे हुमले पोचलेले नाहीत. तिथला थोडा मोहोर करपला होता. तू म्हणाला असतास, असूंदे, तेवढा ढेकण्याचा. पण मला निमित्त पुरेसं होतं. इथे मारलं असतं तर वाऱ्याने आतल्या झाडांवरही गेलं असतं. दोन-तीन फेऱ्यांत हुमल्यांची सगळी घरं खाली आली असती. मग पानं झाडून घेतली असती, करवंदी तोडली असती, फणसाचं खोड चुलीत गेलं असतं. कुणी मला बोल लावला नसता. मास्तर गेले, बाग गेली, असंच म्हणाले असते. आणि वर्षा-दोन वर्षांनी दोन्ही बाजू सारख्या दिसल्या असत्या आणि मी छातीठोकपणे म्हणालो असतो, बघा, व्हाळाच्या ओलाव्याचीच सगळी करामत होती. आपलं इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो असतो. तू आडवा आला नसतास. तू होतासच कुठे?

मी नळी वर केली आणि सवयीने गडग्याकडे बघितलं. कशासाठी, ते तुला सांगायला नको. तुला हरवायचं असं जन्मभर म्हणत आलो, पण मला हवं होतं ते हरल्यावरचं तुझं तोंड. ते बघून मी तंबाखू मळली असती, तू काहीतरी वाकडं बोलला असतास, मी उत्तर दिलं असतं. त्या रिकाम्या गडग्यासमोर जिंकून मी सांगायला कुणाकडे जाणार होतो? आणि दोन्ही बागा सारख्याच उजाड झाल्या तर मी जळणार कशावर? तुझ्या बागेवर जळत जळतच माझे दिवस बरे गेले, बाबल. ती राहिली तर तू थोडातरी पलीकडे राहशील.

मी पंप उतरवून खाली ठेवला आणि आत जाऊन मधल्या काजूला हात टेकून उभा राहिलो. तू दाखवलेलं ते, माझ्या हातचं कलम. हुमल्यांना मी कोण हे ठाऊक नसणार. ते मनगटावरून बाहीत शिरले, मानेवर चढले. मी हात काढला नाही.

"भावजी," वहिनी मागे येऊन उभी होती. "काय ठरवलात?"

"घेतंय," मी म्हटलं. "पण मी काय एक बदलूचंय नाय. आसा तसाच ऱ्हवांदे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "हुमले चावले काय ओ?"

"व्हय," मी म्हटलं, "मेले खूप चावले." आणि तिच्यासमोर मला पोटभर रडता आलं.